दार उघडं आहे, तरी मुलं येत नाहीत

पत्र

मी एका विद्यापीठात विज्ञान शाखेत शिकवते. आमच्याकडे प्रवेश घेणाऱ्यांत बरीच मुलं अशी असतात की त्यांच्या घरात आजवर कुणीच कॉलेजात गेलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी मदत कक्ष सुरू झाला आणि जबाबदारी माझ्याकडे आली. खोली मिळाली, फलक लागला. आठवड्यातून दोन दुपारी मी तिथे बसते. येतात ती बहुतेक अशी मुलं, ज्यांचं माझ्याशिवायही चाललं असतं.

गेल्या सत्रात माझ्या वर्गातली एक मुलगी दोन विषयांत नापास झाली. शाळेत ती कायम पहिली यायची. निकालानंतर ती दिसली नाही. पुढे मैत्रिणीकडून कळलं की ती शिक्षण सोडून घरी गेली. रोज तिसऱ्या बाकावर बसायची, पण एकदाही काही विचारलं नाही. सहकारी म्हणतात, 'ज्याला शिकायचं असतं तो विचारतोच. आपण किती मागे लागायचं?' मला ते पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही. मी तिला फोन करावा का, की ती लुडबुड होईल? आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी काय वेगळं करू?

– एक प्राध्यापिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला एक प्रश्न वाट पाहू शकत नाही, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. हो, तिला फोन करा, आणि याच आठवड्यात करा. तुम्हाला लुडबुडीची भीती वाटते. पण मुलगी निघून गेली आणि विद्यापीठातून कुणाचाही फोन आला नाही, याचा तिच्या घरी काय अर्थ लावला गेला असेल ते डोळ्यांपुढे आणा. ती गेल्याने तिथे कुणाचं काही अडलं नाही, एवढाच.

फोनआधी मात्र तासभर परीक्षा विभागात घालवा. तिचा प्रवेश अजून कायम आहे का, राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा पुन्हा कधी आहे, अर्जाची शेवटची तारीख कोणती, फी किती, या सत्राच्या तासांना तिला आत्तापासून बसता येईल का, हे सगळं कागदावर उतरवून घ्या. ही माहिती हाताशी नसली तर तुमचा फोन नुसता सांत्वनाचा होईल आणि ती 'हो मॅडम, बघते' म्हणून ठेवून देईल. बोलताना 'का सोडलंस?' असं विचारू नका, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. विषय राहणं ही विद्यापीठात नेहमीची गोष्ट आहे, विषय राहूनही पुढे पदवी घेतलेले कितीतरी विद्यार्थी तुम्ही पाहिले आहेत, आणि तिच्यासाठी अमुक तारखेपर्यंत अमुक मार्ग मोकळा आहे, एवढं स्पष्ट सांगा.

तुम्हाला हे फार साधं वाटेल. पण ज्या घरातले काका, मावशी, मोठी बहीण कॉलेजातून गेलेले असतात, तिथे नापास होण्याचे किस्से हसतखेळत सांगितले जातात. 'माझंही पहिल्या वर्षी गणित राहिलं होतं' हे त्या घरातल्या मुलाने अनेकदा ऐकलेलं असतं. या मुलीच्या घरात असं म्हणू शकणारं कुणी नाही. शाळेत कायम पहिली येणाऱ्या मुलीच्या हातात अचानक दोन विषयांत नापास असल्याची गुणपत्रिका पडली. 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही' असा अर्थ तिने काढला असेल, तर तो चुकीचा आहे हे अधिकाराने सांगणारं माणूस तिच्या आसपास नव्हतं. ते तुम्ही होऊ शकता. ती परत येत नाही म्हणाली तर आग्रह धरू नका. काय जड गेलं ते विचारा, मध्ये न बोलता ऐकून घ्या, तारीख पुन्हा एकदा सांगा. तिची इच्छा असेल तर आई-वडिलांशीही बोला, पण तिला विचारल्याशिवाय नको.

आता तुमच्या सहकाऱ्यांविषयी. 'ज्याला शिकायचं तो विचारतोच' असं म्हणणारी माणसं कठोर नसतात. ती स्वतः विचारत विचारतच शिकलेली असतात, त्यामुळे विचारणं हा त्यांना माणसाचा स्वभाव वाटतो. पण विचारणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ते बहुतेक वेळा घरी, फार लहान वयात शिकलं जातं. जेसिका कॅलार्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत बसून मुलांचं दीर्घकाळ निरीक्षण केलं. मध्यमवर्गीय घरातली मुलं अडली की हात वर करायची, जागेवरून उठून शिक्षकांच्या टेबलाशी जायची, एकदा नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायची. कामगार घरातली मुलं त्याच ठिकाणी अडली, तर मान खाली घालून स्वतःच झटत राहायची. पालकांशी बोलल्यावर कारण कळलं. एका घरात सांगितलं जात होतं, 'अडलास तर बाईंना विचार.' दुसऱ्या घरात, 'बाईंना त्रास देऊ नकोस, आपलं आपण सोडव.' दोन्ही घरांत हे प्रेमाने आणि मुलाच्या भल्यासाठीच सांगितलं गेलं होतं. शिक्षकांचा जास्तीचा वेळ आणि खुलासे मात्र विचारणाऱ्यांच्याच वाट्याला आले.

अशी मुलं विद्यापीठात पोचतात तेव्हा एका गटाच्या गाठीशी शिक्षकांशी बोलण्याचा बारा वर्षांचा सराव असतो. दुसऱ्या गटाकडेही बारा वर्षांचा सराव असतो, गप्प राहून कष्ट करण्याचा. ही गप्प राहणारी मुलं त्यांच्या परीने अतिशय चांगली वागत असतात. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी तुमचा मान राखत होती. तुमच्या सहकाऱ्यांना त्यात शिकण्याची इच्छा नसल्याचं दिसतं, यात दोघांचीही चूक नाही, पण किंमत एकटी तीच मोजते.

अँथनी अब्राहम जॅक या समाजशास्त्रज्ञांचं एक निरीक्षण इथे मला फार मोलाचं वाटतं. नामांकित अमेरिकन विद्यापीठांत शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांत त्यांना दोन तऱ्हा दिसल्या. जे शिष्यवृत्तीवर महागड्या खाजगी शाळांतून आले होते ते प्राध्यापकांना सहज भेटायचे, गप्पा मारायचे, मदत मागायचे. जे साध्या सरकारी शाळांतून आले होते ते अंतर ठेवायचे. पैशाची चणचण दोघांनाही होती, फरक फक्त सवयीचा होता. आणि जी सवय एका शाळेत लागू शकते ती तुमच्या विद्यापीठातही लावता येते. सहकाऱ्यांना हेच सांगा.

त्यामुळे तुमच्या कक्षाची मुख्य अडचण मला अशी दिसते: तिथली सगळी मदत, मुलाने आधी 'मला मदत हवी आहे' असं म्हणण्यावर टांगलेली आहे. ज्याला ते म्हणता येतं तो येतो. म्हणून ज्यांचं तुमच्याशिवाय चाललं असतं तीच मुलं तुम्हाला दिसतात. मदत न मागता मिळेल अशी व्यवस्था करा, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी मिळेल असं बघा.

सुरुवात भेटीपासून करा. पहिल्या तीन आठवड्यांत वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची शिक्षकाशी दहा मिनिटांची भेट वेळापत्रकातच घाला. घरातून कॉलेजात येणारे पहिले असोत की चौथे, सगळ्यांची. एकशे वीस मुलांचा वर्ग असेल आणि चार शिक्षक तयार झाले, तर प्रत्येकाकडे तीस मुलं येतात, म्हणजे माणशी पाच तास. तीन आठवड्यांत पाच तास काढणं अशक्य नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा की येताना या आठवड्यातली न समजलेली एक गोष्ट लिहून आणायची आहे. प्रश्न आणणं हे काम म्हणून दिलं की प्रश्न विचारण्यातला कमीपणा निघून जातो. भेटीत मुलाचं नाव नीट उच्चारा, कुठल्या शाळेतून आला ते विचारा, 'घरी तुझ्यावर काय काय असतं?' हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाकडे मी पुढे परत येणार आहे. एकदा तुमच्या खोलीत येऊन बसलेल्या मुलाला दुसऱ्यांदा यायला धीर लागत नाही, आणि तुमचं काम त्या पहिल्या वेळेपुरतंच आहे.

दुसरं, जे कुणीच सांगत नाही ते वर्गात मोठ्याने सांगा. दारावर लिहिलेल्या भेटीच्या वेळेत काहीही कारण नसताना, नुसती ओळख करून घ्यायलाही येता येतं. आजारी पडलात तर असाइनमेंटची मुदत वाढवून मागता येते, आणि ती सादर करायच्या तारखेच्या आधी मागायची असते. तपासलेल्या उत्तरपत्रिकेतले गुण का गेले ते विचारणं म्हणजे भांडण नव्हे. विषय बदलायचा असेल तर अमुक तारखेपर्यंत बदलता येतो. ई-मेलमध्ये वर काय लिहायचं, खाली काय लिहायचं. शिफारसपत्र कुणाकडे, किती दिवस आधी मागायचं. शिकलेल्या घरातल्या मुलाला यातलं पुष्कळ जेवताना ऐकू आलेलं असतं. बाकीच्यांना ते चुकल्यावर कळतं, आणि तोवर तारीख गेलेली असते. यासाठी वेगळी कार्यशाळा भरवू नका, गरजू तिथे फिरकणार नाहीत. तुमच्या तासातली पाच मिनिटं पुरे आहेत, ज्या आठवड्यात जी गोष्ट उपयोगी त्या आठवड्यात ती.

आणि पहिली छोटी चाचणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच घ्या, थोड्या गुणांची. पहिला खरा निकाल थेट सत्राच्या शेवटी मिळत असेल तर आपलं कुठे चुकतंय हे मुलाला कळण्याची संधीच उरत नाही. त्या चाचणीत ज्यांना कमी गुण पडतील त्यांना 'गरज वाटल्यास भेटा' असं लिहू नका. 'बुधवारी दोन वाजता ये, उत्तरपत्रिका घेऊन' असं लिहा.

मदत कक्षाच्या फलकाविषयी माझं मत जरा परखड आहे. तो काढा. कारण सांगते.

१९७०च्या दशकात यूरी ट्रीझमन हे गणिताचे तरुण अध्यापक बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत होते. ट्रीझमन यांनी सहकाऱ्यांना कारणं विचारली. अभ्यासाची ओढ नाही, शाळेचा पाया कच्चा, घरचं पाठबळ नाही, पैसा नाही, अशी उत्तरं आली. तुमच्या स्टाफरूममध्येही साधारण हीच येतील. ट्रीझमन तेवढ्यावर थांबले नाहीत. विद्यार्थी अभ्यास करतात तिथे जाऊन त्यांनी महिनोन् महिने पाहिलं, आणि यातलं एकही कारण टिकलं नाही. ही मुलं आपापल्या शाळेत हुशार म्हणून नावाजलेली होती, घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं होतं, आणि सांगितलेले तास ती प्रामाणिकपणे भरत होती. एकेकटी, दार लावून. शाळेत याच पद्धतीने ती पुढे आली होती. त्याच वर्गातले चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकटे अभ्यास करत आणि मग एकत्र जमत. उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. आपण वर्गात नेमके कुठे आहोत हे त्यांना कायम ठाऊक असे. एकट्याने अभ्यास करणारा मात्र अडला की एवढंच समजत असे की आपल्यालाच येत नाही.

यावर ट्रीझमन यांनी कच्च्यांसाठी जादा तास काढले नाहीत. उलट वर्गात देतात त्याहून अवघड गणितं निवडली, ती गटाने सोडवायला ठेवली, आणि गणितात चमकू इच्छिणाऱ्यांसाठीचा उपक्रम म्हणून मुलांना बोलावलं. हे गट चालू झाल्यावर त्यांत नापास होणं विरळा झालं, आणि त्यातले विद्यार्थी वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने, पुष्कळदा वरचढ गुण मिळवू लागले. ते सगळेच घरातले पहिले कॉलेजात जाणारे होते असं नाही. पण ज्या मुलाने आयुष्यभर हुशार म्हणून ओळख कमावली आहे, तो 'दुर्बलांसाठी' असा वास येणाऱ्या दारातून आत जात नाही, हे दोन्हीकडे तितकंच खरं आहे. तुमच्या फलकावर नेमकं काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही. पण त्यात 'मदत', 'विशेष', 'साहाय्य' असलं काही असेल तर त्या मुलीला बाहेरच्या बाहेर परत पाठवायला ते पुरेसं होतं.

तुमचा विषय विज्ञानाचा आहे, म्हणून ट्रीझमन यांची रीत तुम्हाला जवळजवळ जशीच्या तशी उचलता येईल. त्याच खोलीत, त्याच दोन दुपारी, चार-पाच जणांचे गट बसवा आणि अवघड प्रश्न द्या. गट तुम्ही पाडा. मुलांवर सोडलंत तर एका शाळेची मुलं एका टेबलावर बसतील आणि जे एकटे आहेत ते एकटेच राहतील. तुम्ही फिरत राहा, उत्तर सांगू नका, कोण कुठे अडलंय तेवढं बघा. अडलेलं मूल तुम्हाला इथे दिसेल, त्याने तोंड उघडलं नाही तरी.

घरातले पहिले कोण हे शोधायचं कसं, हा प्रश्न यात आपोआप येतो. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात १९८० पासून याची व्याख्या आहे, तिचा गाभा असा की आई किंवा वडील दोघांपैकी कुणाकडेच पदवी नाही. तुम्ही प्रवेश अर्जात दोन साधे प्रश्न ठेवा: आई-वडिलांचं शिक्षण कुठवर झालं, आणि मोठ्या भावंडांपैकी कुणी कॉलेजात आहे का. मोठी बहीण दोन वर्षं पुढे असणाऱ्या मुलाला अर्ध्या वाटा माहीत असतात. ही यादी तुमच्याजवळ ठेवा, कुणाला आधी फोन करायचा ते ठरवायला ती उपयोगी पडेल. ती भिंतीवर किंवा वर्गाच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. काही मुलांना आपण घरातले पहिले असल्याचा अभिमान असतो आणि ती स्वतःहून सांगतात. त्यांना जरूर सांगू द्या, मात्र जाहीर करायचं की नाही ते त्यांनीच ठरवावं.

अशा अभिमानी मुलांपैकी वरच्या वर्गातली चार-पाच जणं तुमची सगळ्यात मोठी साथ ठरतील. निकोल स्टीफन्स या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीला वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या साधारण तासभर गप्पा ऐकवल्या होत्या. व्यासपीठावर शिकलेल्या घरातलेही होते आणि घरातले पहिलेही. एका गटापुढे त्यांनी नुसते अडचणींचे आणि उपायांचे अनुभव सांगितले. दुसऱ्या गटापुढे तेच अनुभव घरच्या पार्श्वभूमीशी जोडून सांगितले: 'विषय कसे निवडायचे हे माझ्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी सल्लागाराकडे जास्त वेळा गेलो,' अशा धाटणीने. दुसऱ्या गटात वर्षअखेरीला दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांमधली गुणांची दरी ६३ टक्क्यांनी कमी झाली, आणि घरातले पहिले असलेले विद्यार्थी शिक्षकांकडे, सल्लागारांकडे जास्त जाऊ लागले. हा एकाच विद्यापीठातला, दीडशेहून कमी विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे, म्हणून त्या आकड्याची हमी तुम्ही कुणाला देऊ नका. पण त्यातली रीत मला मनापासून पटते. 'खूप कष्ट केले, यश मिळालं' हे मुलांनी शाळेच्या प्रत्येक समारंभात ऐकलेलं असतं. माझ्या घरी हे माहीत नव्हतं, म्हणून मी अमुक ठिकाणी गेले, अमुक माणसाला विचारलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी भेटून एवढाच फरक समजावून सांगा. आणि त्यांच्या कामाचा मोबदला द्या. यांच्यातल्या अनेकांना तो तास नोकरीतून काढून द्यावा लागतो.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या हातात तिजोरी नाही. पण कुठे बघायचं ते तुम्ही प्रशासनाला दाखवू शकता. मुलं मोठ्या रकमेपेक्षा लहान रकमेवर, चुकीच्या वेळी अडतात. अटलांटातलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०११ पासून थोडक्या बाकीमुळे प्रवेश रद्द होण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्यांची यादी स्वतः काढतं, आणि त्यांनी अर्ज करण्याची वाट न बघता मदत देऊ करतं. तुमच्या लेखा विभागालाही अशी यादी काढता येईल. 'आधी खर्च करा, नंतर परत मिळेल' हा नियम कुठे कुठे आहे तेही तपासा. सहल, उपकरणं, परिषद, सगळीकडे तो मुकाट्याने मुलं गाळतो, कारण आधी खर्चायलाच पैसे नसतात. आणि सुट्टीत वसतिगृहाची मेस बंद होते तेव्हा घरी न जाऊ शकणारी मुलं काय खातात, हे कुणाला तरी विचारा. जॅक यांनी हाच प्रश्न श्रीमंत विद्यापीठांत विचारला, आणि तिथेही मुलं उपाशी राहत असल्याचं त्यांना आढळलं.

एकेक सुटा उपाय करून फार काही हलत नाही, हेही प्रशासनाला सांगा. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एक कार्यक्रम सुरू केला. फीची उरलेली रक्कम, पुस्तकं, प्रवासाचा पास, आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार, ज्याला भेटणं बंधनकारक, असं सगळं एकत्र दिलं. कमी उत्पन्नाच्या घरांतले विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून त्याची पाहणी झाली. कार्यक्रमातले ४० टक्के विद्यार्थी तीन वर्षांत पदवीपर्यंत पोचले, बाहेरचे २२ टक्के. सल्लागाराला भेटणं ऐच्छिक ठेवलेलं नव्हतं, हे माझ्या मते त्यातलं फार महत्त्वाचं कलम आहे.

आता 'घरी तुझ्यावर काय काय असतं?' हा प्रश्न. या मुलांच्या घराकडे विद्यापीठं अडचण म्हणून बघतात आणि मला त्याचा राग येतो. घरचे अर्ज भरणं, दवाखान्यात सोबत जाणं, धाकट्यांचा अभ्यास घेणं, पगारातले पैसे पाठवणं, हे सगळं मूल विद्यापीठात आलं म्हणून थांबत नाही. ते वसतिगृहातल्या खोलीतून फोनवर चालू राहतं. त्यात अपराधीपणाची भर पडते: घरचे राबताहेत आणि मी इथे ग्रंथालयात बसलोय. रेबेका कोवारुबियास आणि स्टेफनी फ्रायबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये यावर लिहिलं आहे. घरातल्या पहिल्या विद्यार्थ्यांत ही बोच इतरांपेक्षा जास्त दिसली, आणि आपण घरच्यांना कधी कशी मदत केली ते आठवायला सांगितल्यावर ती कमी झाली. म्हणून मुलाला 'घरचं विसर, अभ्यासाकडे बघ' असं चुकूनही सांगू नका. घरासाठी तो जे करतो त्याची दखल घ्या, त्याला नाव द्या, आणि मग परीक्षेच्या तीन आठवड्यांत त्यातलं काय दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकेल ते त्याच्याबरोबर बसून ठरवा.

घरच्यांनाही यात घ्या. सत्र म्हणजे किती महिने, परीक्षा केव्हा, विषय राहिला तर काय होतं, रोज चारच तास असले तरी मूल दिवसभर विद्यापीठात का असतं, हे त्यांना सांगितलं कुणी? त्यांच्या भाषेत एक पान लिहा. वाचणं अवघड जाणारे पालक असतील तर तेच बोलून, आवाजाचा संदेश म्हणून पाठवा. परीक्षेच्या तारखा घरी माहीत असल्या की त्या दिवसांत मुलाला घरी बोलावणं आपोआप कमी होतं. आई-वडील आडमुठे नसतात, त्यांना वेळापत्रक दिलेलं नसतं.

वरच्या वर्षांतल्या मुलांचंही असंच आहे. इंटर्नशिप ओळखीतून मिळते आणि ज्यांच्या घरी ओळखी नाहीत ती मुलं जाहिरातीची वाट बघत बसतात. तुमच्या माजी विद्यार्थ्यांतले असे जे जे नोकरीला लागलेत त्यांचे नंबर जमवायला आत्तापासून लागा. ते काम पुढच्या वर्षी उपयोगी पडेल, यंदा त्यावर फार शक्ती खर्चू नका.

राहिल्या तुम्ही. हे सगळं तुम्ही एकटीने, शिकवणं सांभाळून करणार असाल तर दीड वर्षात थकाल, आणि कक्ष पुन्हा फलकापुरता उरेल. विभागप्रमुखांकडून या कामाचे तास तुमच्या कामाच्या भारात लेखी धरून घ्या. ते मागताना संकोच करू नका. समितीला अहवाल देताना कक्षात किती मुलं आली हा आकडा देणं बंद करा, तो चुकीच्या गोष्टी मोजतो. यादीतल्या किती मुलांची पहिल्या तीन आठवड्यांत भेट झाली, किती जणांनी दुसऱ्या सत्राला नाव नोंदवलं, आणि विषय राहिलेल्यांपैकी किती जणांनी पुनर्परीक्षेचा अर्ज वेळेत भरला, हे तीन आकडे द्या. तिसरा आकडा कमी असेल तर त्या मुलांना फोन कुणी करायचा, त्याचं नाव बैठकीतच लिहून घ्या.

पुढच्या वर्षासाठी यातलं एकच जमणार असेल तर दहा मिनिटांच्या भेटी घ्या. त्यांना निधी लागत नाही, कुणा वरिष्ठाची मंजुरी लागत नाही. वेळापत्रक लावणारे सहकारी आणि आणखी तीन तयार शिक्षक एवढी माणसं पुरतात. वेळापत्रक पक्कं होण्याआधी त्यांच्याशी बोला, आणि त्या तिघांत 'ज्याला शिकायचं तो विचारतोच' म्हणणारा एक तरी सहकारी घ्या. तीस मुलांशी समोरासमोर बोलून झाल्यावर ते काय म्हणतात, ते मला ऐकायला आवडेल.